मुलगा लिस्बनला, आई डिचोलीत : वृद्धांसाठीचे देशादेशांतले करार आपल्या वाड्यावर कसे पोचतील

तुम्ही डिचोली तालुक्यातल्या एका पंचायतीवर पहिल्यांदाच निवडून आला आहात. तुमचं म्हणणं असं, की वाड्यावर घरटी एखादं म्हातारं माणूस आहे, दोन घरांआड कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी परदेशात आहे, आणि वर्तमानपत्रात मात्र वृद्धांसाठी जागतिक दशक, जागतिक कृती आराखडा, देशादेशांचं सहकार्य असं बरंच काही छापून येतं. यातलं आमच्यापर्यंत नेमकं काय येतं, आणि येत नसेल तर आम्ही काय मागायचं, हा तुमचा प्रश्न.

मी २७ वर्षं याच कामात आहे. आधी मुंबईत, मधली काही वर्षं बँकॉकच्या प्रादेशिक बैठकांसाठी टिपणं तयार करत, आणि गेली १२ वर्षं फोंड्यात राहून पेडण्यापासून काणकोणपर्यंत ज्येष्ठांच्या घरी जात. मोठ्या परिषदांतून आपल्या वाड्यावर फार थोडं येतं. येतं ते दोन देशांनी आपापसात केलेल्या रुक्ष, कलमाकलमांच्या करारांतून. आणि ते करार झालेले असूनही आपल्या माणसांना त्यांचा पत्ता नसतो. म्हणून माझं बरंचसं उत्तर त्या करारांवर असेल.

परिषदांचा भाग आधी उरकते. १९८२ मध्ये व्हिएन्नात वृद्धत्वावरची पहिली जागतिक सभा भरली. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वृद्धांसाठीची तत्त्वं मंजूर केली. २००२ मध्ये माद्रिदचा कृती आराखडा आला आणि त्याचा आढावा आशिया-पॅसिफिकमधले देश दर ५ वर्षांनी घेतात. २०२१ ते २०३० हे निरोगी वार्धक्याचं दशक आहे, त्याची सूत्रं जागतिक आरोग्य संघटनेकडे आहेत. हे सगळं सरकारांच्या इच्छेवर चालतं. माद्रिदचा आराखडा मान्य करून एखाद्या सरकारने तो बासनात ठेवला, तर त्याला जाब विचारायची सोय कुठेही नाही.

बंधनकारक करार झाला की काय घडतं, ते मात्र गोव्याने पाहिलं आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ मध्ये झाला, भारताने २००७ मध्ये त्याला मान्यता दिली आणि तो पाळायचा म्हणून २०१६ चा कायदा करावा लागला. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आले. आज पंचायत घराच्या पायऱ्यांशेजारी उतार हवा असा अर्ज कुणी केला, तर त्याच्या हातात कलम असतं, तुमच्या दयेवर तो अवलंबून नसतो. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट भरला, तोही याच प्रवाहातला. ज्येष्ठांसाठी असा जागतिक करार अजून नाही. अमेरिका खंडातल्या देशांनी २०१५ मध्ये आपल्यापुरता केला. एप्रिल २०२५ मध्ये जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेने जागतिक कराराचा मसुदा तयार करण्यासाठी सरकारांचा कार्यगट नेमायचा ठराव केला. मी या मसुद्याकडे आशेने पाहते. पण असे मसुदे पूर्ण व्हायला वर्षं लागतात आणि तुमच्या वाड्यावरच्या ८० वर्षांच्या आजीकडे तेवढी वर्षं नाहीत.

आपल्याला घाई का आहे, तेही सांगते. ६५ वर्षांवरच्यांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला ११५ वर्षं लागली; जपानला २४. २०११ च्या जनगणनेत देशात ६० च्या वरचे ८.६ टक्के होते, गोव्यात ११.२. केरळ सोडलं तर एवढं प्रमाण दुसऱ्या कुठल्याही राज्यात नव्हतं. ज्या गतीने हे होतंय, त्यात प्रत्येक चूक आपण स्वतःच करून शिकावी एवढी उसंत नाही. दुसऱ्यांच्या अनुभवाची गरज आहे ती यासाठी.

आता पेन्शन. वेगवेगळ्या गावांतली मला ठाऊक असलेली चार घरं मी तुमच्यापुढे एका ओळीत उभी करते.

पहिल्या घरातले गृहस्थ वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत ८ वर्षं कारखान्यात होते, मग पोर्तुगालला गेले आणि ९ वर्षं बांधकामावर राबून परत आले. पोर्तुगालमध्ये म्हातारपणाच्या पेन्शनसाठी किमान १५ वर्षांचे हप्ते लागतात. आपल्याकडे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत किमान १० वर्षांची सेवा लागते. म्हणजे १७ वर्षं हप्ते भरून माणूस दोन्हीकडून रिकामा. याच दुखण्यावर भारत आणि पोर्तुगाल यांनी २०१३ मध्ये सामाजिक सुरक्षेचा करार केला आणि तो मे २०१७ पासून लागू आहे. त्याचं मर्म एवढंच, की पात्रता ठरवताना दोन्हीकडची वर्षं एकत्र मोजायची. ८ आणि ९ मिळून १७ झाली, १५ ची अट पुरी झाली. मग पोर्तुगाल १७ वर्षांच्या हिशेबाने पेन्शन काढतो आणि त्यातला १७ पैकी ९ हिस्सा देतो. आपली भविष्य निर्वाह निधी संघटनाही तसाच आपला हिस्सा देते. पोर्तुगालशिवाय जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान अशा देशांशीही भारताचे असे करार आहेत. प्रत्येकाच्या तरतुदी मात्र सारख्या नाहीत, त्या त्या देशाचा करार पाहूनच बोलावं.

या गृहस्थांना मात्र करार असूनही काही मिळालं नाही. पोर्तुगालला जाताना तिकिटाला पैसे हवे होते, म्हणून त्यांनी पी.एफ.बरोबर पेन्शनच्या खात्यातली रक्कमही काढून घेतली. १० वर्षांहून कमी सेवा असली की १०-सी नावाच्या फॉर्मवर दोन वाटा असतात : पैसे काढून घ्या, किंवा स्कीम सर्टिफिकेट घ्या. पैसे घेतले की ती सेवा संपली, जणू तो माणूस तिथे कधी कामालाच नव्हता. सर्टिफिकेट घेतलं तर ती ८ वर्षं जिवंत राहतात. कारखान्यातल्या कुणीही त्यांना हे सांगितलं नाही. हाती आलेली रक्कम विमानाच्या तिकिटालाही पुरली नव्हती. मी त्यांच्या ओसरीवर बसून हा हिशेब त्यांना समजावला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बायकोला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं. इतकी वर्षं झाली तरी ती दुपार माझ्या मनातून गेलेली नाही, कारण एका कागदावरच्या एका खुणेचा तो प्रश्न होता आणि ती खूण करून घेणारं कुणीतरी शेजारी असायला हवं होतं.

दुसरं घर ब्रिटनचं. पोर्तुगीज पासपोर्टवर आपली कितीतरी माणसं स्विंडनला गेली. तिथे २०१६ नंतरच्या पद्धतीत सरकारी पेन्शनसाठी किमान १० वर्षांचे आणि पूर्ण पेन्शनसाठी ३५ वर्षांचे हप्ते लागतात. ती पेन्शन गोव्यात बसून मिळते, पण गोठते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांची दरवर्षी वाढते. भारतात राहायला आलेल्यांना पहिल्या दिवशी जो दर लागला, तोच शेवटपर्यंत. ७० व्या वर्षी पुरेशी वाटणारी रक्कम ८५ व्या वर्षी औषधाला पुरत नाही. २०२५ मध्ये व्यापार कराराबरोबर दोन देशांत जी तरतूद ठरली, ती कंपन्यांनी तात्पुरत्या पाठवलेल्या कर्मचाऱ्यांचा दुहेरी हप्ता वाचवण्यापुरती आहे. गोठलेल्या पेन्शनला ती हात लावत नाही. म्हातारपणी गावी परतायचं की नाही हे ठरवताना हा मुद्दा घरात मोठ्याने बोलला गेला पाहिजे.

तिसरं घर गल्फचं, आणि अशी घरं सर्वांत जास्त. आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय असतील, पण त्यांतल्या एकाही देशाशी आपला पेन्शनचा करार नाही. तिथल्या पेन्शन योजना तिथल्या नागरिकांसाठी आहेत. आपल्या माणसाला सेवा संपताना एकरकमी ग्रॅच्युइटी मिळते. संयुक्त अरब अमिरातीत पहिल्या ५ वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. आणि ती रक्कम येते तेव्हा घराचा स्लॅब अर्धा असतो, मुलीचं लग्न ठरलेलं असतं. पाच वर्षांत तिचं नाव राहत नाही. २० वर्षं वाळवंटात काढलेला माणूस ६५ व्या वर्षी गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या महिना २००० रुपयांसाठी अर्ज करताना मी पाहिला आहे. त्याच्या पगाराचा काही भाग तिथे असतानाच पेन्शनच्या खात्यात वळवला गेला असता, तर हे टळलं असतं. आंतरराष्ट्रीय सहकार्याची आपली पहिली मागणी मी इथे मांडेन. युरोपशी झालेले करार चांगले आहेत, पण आपली बहुसंख्य माणसं तिकडे नाहीत.

चौथं घर तारवट्याचं, म्हणजे खलाशाचं. जहाजावर आयुष्य काढलेल्यांसाठी २००६ चा सागरी श्रम करार आहे आणि भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यात सामाजिक सुरक्षेच्या ९ शाखा सांगितल्या आहेत आणि मान्यता देताना देशाने त्यांतल्या निदान ३ द्याव्यात अशी अट आहे. मार्गदर्शक भागात सुचवलेल्या ३ शाखा म्हणजे वैद्यकीय उपचार, आजारपणातला भत्ता आणि कामावरच्या दुखापतीची भरपाई. म्हातारपण त्यात नाही. शिवाय जहाजावर झेंडा पनामाचा असो की लायबेरियाचा, सामाजिक सुरक्षेची जबाबदारी खलाशी जिथे राहतो त्या देशावर टाकलेली आहे. म्हणजे तारवट्याच्या म्हातारपणाची सोय शेवटी घरच्याच सरकारने करायची. गोव्यात खलाशांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं रेटा लावला आणि राज्याने त्यांच्यासाठी निवृत्तिवेतनाची योजना केली, ती या अर्थाने जागतिक करारातली एक फट बुजवण्याचं काम आहे. करारातच ती फट बुजावी असं मला मनापासून वाटतं, कारण महाराष्ट्राच्या, तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या खलाशांना अशी योजना कोण देणार?

पेन्शनच्या जोडीला एक गोष्ट जाता जाता. आई-वडिलांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा परदेशात असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे आणि परदेशातल्या मुलाला समन्स कसं बजावायचं याची तरतूदही त्यात आहे. पण मुलाने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की तो भारताचा नागरिक राहत नाही आणि परदेशात त्याच्यापर्यंत पोचायचा कायद्याचा हात आखूड पडतो. कुटुंबातल्या चरितार्थाची रक्कम देशाच्या सीमेपलीकडून वसूल करण्यासाठी हेगचा २००७ चा करार आहे. भारत त्यात सामील नाही. असे खटले गोव्यात थोडे असतात, पण जे असतात ते फार दुखरे असतात.

आता काळजी. एका आजीने मला एकदा सांगितलं होतं, "पयशे येतात गो बाय, पूण मनीस येना." बाथरूमपर्यंत धरून न्यायला माणूस लागतो, आणि तो लिस्बनहून पाठवता येत नाही.

इथे गोव्याने जगाकडून घेतलं तसं जगाला दिलंही आहे. १९९८ मध्ये कोचीत काही देशांतले संशोधक जमले आणि त्यांनी डिमेन्शियावर, म्हणजे स्मृतिभ्रंशावर, काम करणारा एक गट बांधला. त्याचं नाव १०/६६, कारण डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत होते आणि त्यांच्यावरचं संशोधन १० टक्केही नव्हतं. त्या गटाच्या कामातून गोव्यात डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्थानिक भाषा बोलणाऱ्या, शक्यतो बारावीपर्यंत शिकलेल्या व्यक्तींना थोडं प्रशिक्षण देऊन गृहसल्लागार म्हणून पाठवलं. त्या निदान पंधरवड्यातून एकदा घरी जायच्या, आजाराबद्दल समजावायच्या, आजोबा रात्री उठून दार उघडायला लागले तर काय करायचं ते सांगायच्या, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञांशी गाठ घालून द्यायच्या. ६ महिन्यांनी सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलेलं दिसलं, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. काळजीचा एकूण भार मोजला तेव्हा मात्र फरक तितका ठाम नव्हता, आणि हे संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की घरोघर जायच्या या कामाला डॉक्टर लागले नाहीत. लागली ती गावातली शहाणी, धीराची माणसं.

तसंच दुसरं काम गोव्यातल्या संगत या संस्थेने अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाबरोबर केलं. नैराश्याच्या उंबरठ्यावर असलेल्या, ६० च्या वरच्या १८१ जणांना घेतलं. अर्ध्यांकडे प्रशिक्षित सामान्य समुपदेशक जायचे. ते अडचणी सोडवायला शिकवायचे, झोपेची घडी बसवायचे, मधुमेहासारख्या दुखण्याची काळजी कशी घ्यायची ते सांगायचे, आणि सरकारी योजना मिळवून द्यायलाही मदत करायचे. वर्षभरात या गटातल्या शंभरातल्या साधारण ४ जणांना नैराश्याचा आजार जडला. दुसऱ्या गटात १४ जणांना. हे २०१९ मध्ये छापून आलं. योजनेचा अर्ज भरून देणं हा इथे उपचाराचा भाग होता, हे मी प्रत्येक पंचाला सांगते. खिडकीवर चार खेपा घालून परत येणारी विधवा आजारी पडते, ते नुसतं वयामुळे पडत नाही.

देशाच्या पातळीवर असंच एक मोठं काम म्हणजे २०१७-१८ मध्ये पहिली फेरी झालेलं, ४५ च्या वरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांचं सर्वेक्षण. मुंबईची लोकसंख्या विज्ञान संस्था, हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी मिळून ते केलं. अमेरिका, युरोप, चीन इथल्या अभ्यासांशी जुळतील असे प्रश्न त्यात आहेत, म्हणून आपल्या आजीच्या हाताची पकड आणि जर्मनीतल्या आजीच्या हाताची पकड एकाच मापाने मोजता येते. गोव्यातली घरंही त्यात आहेत.

जपानकडून घेण्यासारखी गोष्ट विचाराल, तर लोक पटकन तिथल्या काळजी विम्याचं नाव घेतात. तो २००० मध्ये सुरू झाला, ४० व्या वर्षापासून हप्ता भरावा लागतो, आणि त्याआधी १९९५ मध्ये जर्मनीने तसा विमा आणला होता. व्यवस्था उत्तम आहे, पण जिथे बहुतेक कामगारांच्या पगाराची नोंदच कुठे होत नाही, तिथे तो हप्ता कापायचा कशातून? आपल्याकडे तो आजच रुजेल असं मला वाटत नाही. रुजेल ती त्यांची दुसरी, स्वस्त कल्पना. २००५ पासून जपानमध्ये दुकानदार, बँकेतले कारकून, शाळकरी मुलं यांना साधारण दीड तासाचा वर्ग घेऊन डिमेन्शियाच्या माणसाशी कसं वागायचं ते शिकवतात. एक कोटीहून जास्त लोक शिकले. ब्रिटनमधल्या अल्झायमर्स सोसायटीने ते पाहून २०१३ मध्ये तसाच उपक्रम आपल्याकडे सुरू केला. आपल्याकडे हा वर्ग मी आधी पोदेरांसाठी, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्यांसाठी, घेईन. सकाळी कुणाचं दार उघडलं नाही, हे गावात पहिल्यांदा त्यांनाच कळतं. मग कदंब बसचे कंडक्टर, मग रेशन दुकानदार, मग बँकेची खिडकी.

पोर्तुगालकडून शिकायला एक वेगळं कारण आहे. तिथे दर १०० माणसांत जवळपास २४ जण ६५ च्या वरचे आहेत. १४९८ मध्ये लिस्बनला सुरू झालेल्या मिझेरिकॉर्दिया नावाच्या धर्मादाय संस्था आजही गावोगाव आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणी म्हाताऱ्यांच्या घरी जेवण पोचवणं, अंघोळ घालणं, कपडे धुणं अशी सेवा देतात. आपल्या प्रोव्हेदोरियाचं, म्हणजे गोव्यातल्या सरकारी मदतसंस्थेचं, मूळ पोर्तुगीज काळातल्या सार्वजनिक मदतीच्या व्यवस्थेत आहे आणि ती आजही वृद्धाश्रम चालवते. आश्रमातून घरापर्यंत सेवा कशी न्यायची, हे त्यांच्याकडून शिकायला भाषेची आणि इतिहासाची अर्धी वाट आधीच तयार आहे. गोव्याने हे सहकार्य मागितलं तर ते कुणाला विचित्र वाटणार नाही.

यात एक अवघड गाठ आहे. म्हातारे होत चाललेले देश आपल्याकडे माणसं मागतात. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांनी कुशल कामगारांचा जो समझोता केला, त्यात वृद्धांची काळजी हे क्षेत्र आहे. जर्मनीने डिसेंबर २०२१ मध्ये नोर्का-रूट्स या केरळ सरकारच्या परदेशी नोकऱ्यांसाठीच्या संस्थेबरोबर परिचारिकांसाठी समझोता केला. तिथे भाषाशिक्षणाचा आणि नेण्याचा खर्च मुलीच्या गळ्यात मारत नाहीत, तो जर्मन मालकाकडून येतो; हे चांगलं उदाहरण आहे. दलालांच्या बाबतीत लक्षात ठेवा : आपल्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत भरती एजंट ३०,००० रुपये आणि त्यावरचा जी.एस.टी. याहून जास्त घेऊ शकत नाही. लाखांत मागत असेल तर तिथेच उठून यावं.

पण गोव्यातल्या घरांत आज होम नर्स म्हणून कोण येतं ते पाहा. बाहेरच्या राज्यांतल्या, धड प्रशिक्षण न मिळालेल्या, २४ तास घरात राहणाऱ्या, सुट्टी नसलेल्या मुली. आपली शिकलेली मुलगी म्युनिकला म्हातारे सांभाळते आणि तिच्या आजीला सांभाळायला अठरा-एकोणीस वर्षांची परकी मुलगी येते, जिला उचलताना कंबर कशी जपायची हेही कुणी शिकवलेलं नसतं. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या भरतीबाबत जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची आचारसंहिता सांगते, की माणसं नेणाऱ्या देशाने पाठवणाऱ्या देशालाही लाभ होईल असे करार करावेत. ती ऐच्छिक आहे, तरी मागायला आधार आहे. गोव्याने असा करार कधी केला, तर माझी अट एकच असेल : परदेशी पैशाने चालणारा प्रशिक्षण वर्ग गोव्यात भरावा आणि त्याच वर्गात, त्याच शिक्षकांपुढे, इथे काम करणाऱ्या होम नर्सना जागा राखीव असाव्यात. जाणारीला आणि राहणारीला एकच प्रमाणपत्र.

रकमेबद्दल थोडंच बोलते. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये ६० ते ७९ वयाला २०० रुपये आणि ८० नंतर ५०० रुपये येतात. गोव्याचे २००० त्यापुढे मोठे वाटतात, पण ते आपोआप वाढत नाहीत. गरिबीचा दाखला न मागता वयावर पेन्शन द्यायची पद्धत शिकायला युरोपात जायला नको. नेपाळने १९९४ च्या सुमारास ७५ च्या वरच्यांना महिना १०० रुपये द्यायला सुरुवात केली, तेव्हा तो आपल्याहून कितीतरी गरीब देश होता.

आता तुमच्या पंचायतीचं. मी तुमच्या जागी असते तर एक नोंदवही उघडली असती. ६० च्या वरच्या प्रत्येकाचं नाव, आणि पुढे : कुठल्या देशात किती वर्षं काम केलं, हप्ता भरल्याचा क्रमांक कुठे आहे, स्कीम सर्टिफिकेट आहे का, हयातीचा दाखला दरवर्षी कोण करून देतं, रात्री घरात दुसरं कोण असतं. ५० च्या वरच्या परतलेल्यांचीही नावं त्यातच घ्या, कारण त्यांच्या हातात अजून वेळ आहे. पोर्तुगालसारख्या करारातल्या देशाची पेन्शन असेल तर अर्ज आपल्याकडच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयामार्फत जातो, हे नोंदवहीच्या पहिल्याच पानावर लिहा. बऱ्याच परदेशी कागदांना अपोस्टिलचा, म्हणजे कागद खरा असल्याचा दुसऱ्या देशांत चालणारा, शिक्का लागतो. भारत २००५ पासून त्या व्यवस्थेत आहे, म्हणून दूतावासाच्या वाऱ्या वाचतात. भिंतीवर १४५६७ हा ज्येष्ठांचा मदत क्रमांक मोठ्या अक्षरांत रंगवा.

मग ग्रामसभेत दोन ठराव घ्या. पहिला, परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला निघण्यापूर्वी पंचायतीत अर्धा तास पेन्शनची माहिती मिळावी. दुसरा, आखाती देशांशी सामाजिक सुरक्षेचे करार करावेत अशी मागणी, राज्य सरकारमार्फत केंद्राकडे. एका पंचायतीच्या ठरावाने करार होत नाही हे मला माहीत आहे. पण खलाशांच्या योजनेचीही सुरुवात एका गावातल्या चार म्हाताऱ्या तारवट्यांनी अर्ज लिहावेत तशीच झालेली असते, आणि तालुक्यातल्या सगळ्या पंचायतींचे ठराव एका नमुन्यात गेले तर आमदाराला ते विधानसभेत वाचून दाखवावे लागतात. मसुदा हवा असेल तर मी लिहून देईन.

वर सांगितलेल्या, वेर्ण्याची ८ वर्षं गमावलेल्या गृहस्थांचा धाकटा भाऊ अजून पोर्तुगालमध्ये आहे. त्याची इथली ६ वर्षांची सेवा आहे, तिथली ११ झाली. त्या दुपारनंतर थोरल्याने स्वतः फोन करून त्याला विचारलं, तेव्हा कळलं की त्याने पैसे काढलेच नव्हते, घाईत राहून गेलं होतं. पुढच्या वेळी तो आला तेव्हा दोघे भाऊ १०-सी फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. त्याचं सर्टिफिकेट आता आईच्या लोखंडी कपाटात, घराच्या कागदांच्या पिशवीत आहे, आणि पोर्तुगालचा हप्त्यांचा क्रमांक थोरल्याने त्याच पिशवीवर जाड पेनने लिहून ठेवला आहे.